बिनमायन्याचे पत्र

मंगळवारी सकाळी आठ वाजता चिंतामण जोशी याने अकोल्याहून अमरावतीला आपल्या आत्याला पत्र लिहिले. पत्र चार ओळींचे होते. ‘प्रकृती ठीक. सोमवारी मुंबईस निघतो. परीक्षा संपताच घरी येईन. काळजी करू नये.’ खाली नाव. त्याने कागदाची घडी केली, खळ लावून ती चिकटवली, पत्र टपालात टाकले आणि तो खोलीवर परत आला. सकाळपासून तो कोणाशी बोलला नव्हता. त्यात नवे काही नव्हते.

साल १८६४, कार्तिक महिना. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती आणि तिच्या पायी इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. चिंतामणाची खोली एका वखारीच्या माडीवर होती. खाली उजाडल्यापासून गाड्या सुटत, गठ्ठे पडत, हमाल एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करीत. दिवसभर माणसांचा नुसता कालवा, आणि त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी नसे. कापसाचे तंतू उडून वर येत, दौतीत पडत, बोरूच्या टोकाला चिकटत. लिहिण्याआधी तो टोक पुसून घेई आणि आपले वाक्य मोठ्याने म्हणून पाही. ऐकायला भिंती होत्या.

अकोल्याला तो आला होता शेषराव मास्तरांसाठी. मास्तर आता मास्तर नव्हते. पूर्वी कुठेतरी शिकवीत, ते नाव चिकटून राहिले होते. आता ते कचेरीत तर्जुमा करीत. शेतकरी अर्ज आणी, त्यात आधी साहेबाच्या सात पिढ्यांना आशीर्वाद, मग स्वतःच्या बापजाद्यांची हकिकत, मग पाऊसपाणी, आणि अगदी तळाशी मागणे. मास्तर ते वाचून साहेबासाठी तीन ओळींचा गोषवारा करीत. ‘बांध फुटला. शेजाऱ्याने नांगरला. मोजणी मागतो.’ अकोल्यात असे म्हणत, की मास्तरांच्या हाती रामाची कथा दिली तर ते ‘बायको गेली, आणली’ एवढ्यावर आटपतील.

चिंतामणाला नेमके हेच शिकायचे होते. मुंबईच्या कॉलेजात जायचे तर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पार करावी लागे, आणि तीत तो गेल्या वर्षी नापास झाला होता. गणितात नाही, इतिहासात नाही. मराठी निबंधात. विषय आला होता ‘कापसाचा व्यापार’. वऱ्हाडच्या पोराला याहून सोपा विषय कोणता द्यायचा? पण चिंतामण पुराणिक-जोश्यांच्या घरचा. कोणतेही लिहिणे गणपतीपासून सुरू होते, हे त्याच्या बोटांनाच ठाऊक होते. त्याने गणपतीला वंदन केले, सरस्वतीला केले, गुरूला केले. मग वऱ्हाड देशाचे माहात्म्य घेतले, रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर, तिथून रथ, तिथून स्वयंवर. रुक्मिणी रथात चढली आणि वेळ संपल्याची घंटा झाली. कापूस आलाच नाही.

गावी राहणाऱ्या काकांनी एक वर्ष दिले होते. नांदगाव खंडेश्वरकडच्या गावांची जोशीपणाची वृत्ती त्याच्या बापामागे त्याच्याकडे यायची होती. ती यंदापुरती काकांनी सांभाळली. यंदा पास झाला तर मुंबई. नाही तर पंचांग काखेत मारून गावोगाव तिथी सांगत फिरायचे, जन्मभर. यावर पुन्हा बोलणे नाही, असे काका म्हणाले होते.

मास्तरांची रीत साधी होती. चिंतामणाच्या घरचे घटिकापात्र त्यांनी मागवून घेतले होते. लग्नाची वेळ पाहायची ती तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि घटकाभराने बुडते. मास्तर विषय देत, वाटी सोडत आणि आपले काम करीत बसत. वाटी बुडाली की कागद ओढून घेत. पहिल्या दिवशी वाटी बुडाली तेव्हा चिंतामण सरस्वतीपर्यंत आला होता.

‘परमेश्वरकृपेने सर्व धान्यांस व पिकांस अनुकूल अशी जी ही भूमी,’ मास्तरांनी वाचले. “म्हणजे काय?”

“जमीन चांगली आहे.”

“कशी चांगली? देवळासारखी? लाडवासारखी?”

“काळी आहे. ओल धरते.”

“मग ते लिही. देव वाचत नाही हे कागद. परीक्षक वाचतो, आणि त्याला आणखी शंभर वाचायचे असतात.”

दसऱ्यापर्यंत तो मुद्द्यावर येऊ लागला. दिवाळीला घरी गेला नाही. मास्तरांनी विषय दिला ‘सणाचा दिवस’. त्याने लिहिले, घरी आत्या एकटीच असते, ती पहाटे दोन पणत्या लावते, एक देवापुढे आणि एक माझ्या नावाने ओसरीवर. मास्तरांनी पणत्या ठेवल्या आणि आत्या खोडली. “विषय सण आहे. नातलग नाहीत.” ते बरोबर होते. वाक्य खरोखर सुधारले होते. चिंतामणाने खोडलेल्या ओळीकडे थोडा वेळ पाहिले आणि कागद पालथा ठेवला.

शेवटच्या पंधरवड्यात मास्तरांनी नियम कडक केला. आता जे लिहायचे ते असेच लिहायचे, वाण्याची चिठी असो की घरचे पत्र. हाताला दोन सवयी लावल्या, तर परीक्षेच्या दिवशी तो जुनीच उचलेल. “कागदावरचा पहिला शब्द कामाचा पाहिजे. मायना नको, साष्टांग नको, वरती काही नको.”

म्हणून मंगळवारच्या पत्रावर वरती काही नव्हते. ‘श्री’देखील नव्हता. आजवर जन्मात त्याने ‘श्री’ काढल्याशिवाय कागदाला हात लावला नव्हता. तो शब्द आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. बसायच्या आधी जागा झटकावी, तसे ते होते. त्या दिवशी तो गाळताना त्याला जरा अभिमान वाटला. पत्र टाकून आल्यावर त्याने वाटी पाण्यावर सोडली आणि ‘रेल्वेचे फायदे’ लिहायला घेतले.

रविवारी दुपारी अमरावतीहून खुशालराव दलालांची दमणी अकोल्यात आली. खुशालरावांना कापसाच्या कामाने पुढे शेगावला जायचे होते. आगगाडी तेव्हा शेगावपर्यंत आली होती, आणि सोमवारी पहाटे याच दमणीतून चिंतामणाने शेगाव गाठायचे, असे आधीच ठरले होते. वेळ विचारायला तो खाली उतरला. गाडीवान सहदेव चिंतामणाच्याच आळीतला. तो बैल सोडीत होता. त्याने मान वर केली, चिंतामणाला पाहिले आणि बैलाचे शिंग घट्ट धरून तो जागच्या जागी उभा राहिला.

“महाराज, तुमीच होय का?”

“मीच. का रे?”

“पाय दाखवा बरं पयले.”

चिंतामणाने खाली पाहिले. “पायाला काय झालं?”

“सरकेच हायेत,” सहदेव स्वतःशीच म्हणाला. उलटे नाहीत याची त्याने पुन्हा एकदा खात्री केली. “मंग आतेबाईनं कोनाच्या नावानं आंघोय केली?”

हकिकत त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुर्गाबाई, म्हणजे आत्या, हिला वाचता येत नव्हते. पत्र आले की ती ते उंबऱ्यात उभी राहून उघडी, वरचा ‘श्री’ पाही, कागद कपाळाला लावी आणि मग शेजारच्या कमलाकांताकडून वाचून घेई. सगळ्या अक्षरांत ती एकच ओळखीत होती. गुरुवारी हरकाऱ्याने पत्र दिले. तिने उघडले. वर काही नव्हते.

बिनश्रीचे पत्र फक्त एका कारणासाठी लिहितात. ते घरात न्यायचे नसते. उंबऱ्याबाहेर ऐकायचे, आणि ऐकणाऱ्याने डोक्यावरून पाणी घ्यायचे.

“शेजारची गोदाबाई म्हने, थांब माय, कमलाकांतले येऊ दे, तो वाचन. तं आतेबाई म्हने, काहाले? अकोल्यात माहा एकच हाय. त्या कमलाकांताच्या तोंडाले ते शब्द काहाले लावू? अन् गेली आडावर. दोन घागरी घेतल्या डोक्शावरून, थंड्या पान्याच्या. रडली नाही बरं. एक टिपूस नाही. आमच्या घरचीनं पाह्यलं.”

“पत्र?”

“वळचनीले खोचलं. तिथंच हाय अजून. कोन हात लावन त्याले?”

“आणि आता कुठे आहे ती?”

सहदेवाने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. “निंगाली ना. पुंजाराम पाटलाच्या कापसाच्या गाडीवर. शुक्रवारी. तुमच्या अस्थी न्याले.”

“तुला रस्त्यात दिसली नाही?”

“रस्त्यात?” सहदेव हसला, आणि हसल्याचे त्याला वाईट वाटले. “महाराज, बडनेऱ्यापासून इथपावतर गाडीले गाडी लागली हाय. कोनाच्या गठ्ठ्यावर कोन बसलं, काय दिसते? आमी बाजूबाजूनं पयत आलो. मूर्तिजापुराच्या अलीकडं-पलीकडं असन.”

चिंतामण मास्तरांकडे गेला. मास्तर जेवून सुपारी कातरीत होते. त्यांनी सगळे ऐकले. हातातला अडकित्ता खाली ठेवला.

“मी ‘श्री’ गाळ असं म्हटलं नव्हतं.”

“वरती काही नको, म्हणाला होता.”

“हं,” मास्तर म्हणाले. “दमणी पहाटे आहे. ती सोडलीस तर मुंबई वेळेवर गाठत नाहीस. गाड्या इथेच येणार. मी नाक्यावर उभा राहतो. त्यांना सांगतो, पोरगा जिवंत आहे, परीक्षेला गेला.”

“तुम्हाला ती ओळखत नाही. आणि वाईट बातमी आली की माणसं आधी असंच सांगतात. तीच सांगते दुसऱ्यांना.”

“मग लिही. रिकाम्या गाड्या दुपारी अमरावतीकडे परततात. कोणाजवळ तरी दे.”

चिंतामणाने बोरू घेतला. सवयीने त्याने मनात वाक्य केले. सर्वांत कमी शब्दांत काय सांगायचे, कोणाला सांगायचे आहे, ती काय वाचू शकते. मग त्याने कोऱ्या कागदाच्या मधोमध, तळहाताएवढा, एक ‘श्री’ काढला. मास्तरांच्या देवघरातून कुंकू मागून घेतले आणि कोपऱ्याला बोट लावले. दुसरा कागद घेतला. तसाच. तिसरा.

मास्तर वाकून पाहत होते. “एवढंच?”

“तिला एवढंच वाचता येतं.”

मास्तरांनी त्यात काही खोडले नाही.

कागद त्याने अमरावतीकडे परतणाऱ्या गाडीवानांना वाटले. पुंजाराम पाटलाची गाडी, विधवेचे तांबडे आलवण नेसलेली म्हातारी बाई, हा कागद हातात द्यायचा आणि म्हणायचे, चिंतामणानं दिला. एका गाडीवानाने कागद फेट्यात खोचला. एकाने विचारले, “यात लिवलं तं काईच नाही, महाराज.” एकाने काही न विचारता तो आधी कपाळाला लावला. रिकाम्या गाड्या खडखडत निघून गेल्या आणि नाक्यावर समोरून येणाऱ्या भरल्या गाड्यांची रांग राहिली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तो प्रत्येक गठ्ठ्यावर मान वर करून पाहत उभा होता. प्रत्येकावर कोणी ना कोणी होते.

सोमवारी पहाटे तो दमणीत बसला. मास्तर म्हणाले होते, कळेल ते कळवतो. मागे आत्याकडे न जाण्याचे कारण त्याला दोनदा सापडले आणि दोन्ही वेळा त्याने ते मनातल्या मनात कापून छोटे केले, तेव्हा त्यात ‘भीती’ एवढाच शब्द उरला. ती कशाची, हे त्याला सांगता येईना. आत्याची, की नांदगावच्या पंचांगाची.

खुशालराव वाटेत गप्पिष्ट होते. “परीक्षेत काय मोठं लिहितेत, बुवा?”

“थोडक्यात लिहायचं असतं.”

“थोडक्यात तं मी बी लिहितो. ‘भाव चढला. माल पाठवा.’ झाला पास! त्याच्यासाठी मुंबईले काहाले जा लागते?” ते स्वतःच खूप हसले. मग हसू आवरून म्हणाले, “कायजी नका करू. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढते. पक्की गोष्ट हाय ही.”

“कोणाचं?” चिंतामणाने विचारले.

“ज्याची उठली त्याचं.”



मंगळवारी संध्याकाळी ते शेगावला पोचले. स्टेशनाच्या भोवती कापूस इतका पडला होता की अंधारातही जमीन पांढरी दिसे. गाडी बुधवारी दुपारी होती. धर्मशाळेत त्याने वळकटी सोडली. आत घटिकापात्र होते. कॉलेजात खोली मिळाली की ठेवायचे म्हणून मास्तरांनी परत दिलेले. ते त्याने हातात घेतले, भोकातून बाहेर पाहिले आणि पुन्हा धोतरात गुंडाळले. अंगणात लोकांच्या चुली पेटल्या होत्या. “जेवले का?” म्हणून कोणी विचारले नाही. विचारले असते तर तो हो म्हणाला असता.

बुधवारी उन्हं वर आली तेव्हा कचेरीचा स्वार टपाल घेऊन स्टेशनात शिरला. त्याने नाव पुकारले आणि एक घडी चिंतामणाच्या हातात दिली. अक्षर मास्तरांचे होते. चिंतामणाने ती उघडली आणि त्याचे डोळे आपोआप कागदाच्या वरच्या टोकाला गेले.

वर काही नव्हते.

मास्तर वर कधीच काही लिहीत नसत. त्याला ते ठाऊक होते. तरी पहिली ओळ वाचायला त्याला जड गेले, आणि या एका क्षणात गुरुवारचा उंबरा त्याला सबंध दिसला.

‘पुंजाराम काल सायंकाळी आला. बाई सोबत नाहीत. सोमवारी सकाळी मूर्तिजापुरास कागद मिळाला. घेऊन गाडीतून उतरल्या, धर्मशाळेत थांबल्या. अंगात ताप. पुंजारामास थांबता आले नाही. तू परीक्षेस जावे.’

त्याने ते पुन्हा वाचले. उत्तम गोषवारा होता. एक शब्द काढता आला नसता. पण कागद हातात घेतल्यावर ती काय म्हणाली? काही म्हणाली की नाही? तो तिने कपाळाला लावला का? उतरली ती ताप चढला म्हणून, की ज्याच्या नावाने आंघोळ केली त्याच्यासमोर परीक्षेआधी जाऊ नये म्हणून, की आपला परतीचा रस्ता धरायला? पुंजारामाने हे सगळे नाक्यावर पाल्हाळ लावून सांगितले असणार. पुंजाराम तसाच होता. त्यातले मास्तरांनी जे कामाचे नव्हते ते काढले होते.

“आणखी काही सांगितलं का मास्तरांनी?” त्याने स्वाराला विचारले.

“मले कागद देल्ला.”

“तोंडी काही?”

“कागद देल्ला, बस,” स्वार म्हणाला आणि घोड्याला पाणी दाखवायला गेला.

दुपारी गाडी लागली. खुशालरावांनी हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली, मग ते आपल्या कामाला गेले. चिंतामण वळकटी काखेत घेऊन फलाटावर उभा होता. लोक चढले. शिट्टी झाली. मुंबईत शनिवारी कोणता विषय येईल हे त्याला माहीत नव्हते, पण तो आपल्याला वेळेत लिहिता आला असता, हे त्याला नक्की माहीत होते.

गाडी गेल्यावर फलाट लवकर रिकामा झाला. तो स्टेशनाच्या मागे, दमण्या सुटल्या होत्या तिकडे आला. सहदेव सावलीला पडला होता. त्याला पाहून तो उठून बसला.

“महाराज! गाडी गेली ना!”

“गेली. मूर्तिजापूरला केव्हा निघता येईल?”

सहदेवाने त्याच्याकडे पाहिले, वळकटीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारण्यासाठी उचललेला हात तसाच खाली आणला. “बैल थकले हायेत जी. उद्या उजाडल्याशिवाय जुंपता येत नाही. मालकाले बी इचारा लागन.”

“विचार.”

“अन् परीक्षा?”

चिंतामण दमणीच्या जुवावर बसला आणि अकोल्याकडून येणाऱ्या गाडीवानांना एकेक करून विचारू लागला. मूर्तिजापूरची धर्मशाळा, तांबडे आलवण, अंगात ताप, हातात कागद. एकाने बाई पाहिली होती, पण तिच्यासोबत दोन मुले होती. एकाने म्हटले, धर्मशाळेत सोमवारी दुपारी बरीच माणसे होती, रात्री नव्हती. एकाने कानाला हात लावले.

सूर्य मावळेपर्यंत मूर्तिजापूरहून याहून वेगळी बातमी आली नव्हती.